पुरातत्त्वाच्या प्राध्यापकाचे पगारपत्रक

भारतातील विद्यापीठात किंवा अनुदानित महाविद्यालयात पुरातत्त्व अथवा मानवशास्त्र शिकवणाऱ्याचा पगार विषयावरून ठरत नाही. तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीवरून ठरतो आणि ती श्रेणी रसायनशास्त्राला, मराठीला आणि पुरातत्त्वाला एकच असते. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, सहयोगी प्राध्यापकाचे १,३१,४००, प्राध्यापकाचे १,४४,२०० आणि वरिष्ठ प्राध्यापकाचे १,८२,२०० रुपये. हे आकडे सातव्या वेतन आयोगाचे आहेत. ते १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. महाराष्ट्रात त्याचा शासन निर्णय ८ मार्च २०१९ रोजी निघाला. केंद्राच्या गट-अ सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपये असते, यावरून या श्रेणीचे वजन कळते.

बोलण्यात सगळ्यांनाच ‘प्राध्यापक’ म्हणतात. पगारपत्रकात तसे नसते. २००६ पूर्वी सहायक प्राध्यापकाला अधिव्याख्याता आणि सहयोगी प्राध्यापकाला प्रपाठक म्हणत. अधिव्याख्यात्याची श्रेणी १९७३ मध्ये ७०० रुपयांपासून, १९८६ मध्ये २,२०० पासून आणि १९९६ मध्ये ८,००० पासून सुरू होत असे. सहाव्या आयोगात १५,६०० रुपये वेतन आणि ६,००० रुपये शैक्षणिक श्रेणीवेतन मिळून २१,६०० झाले. त्याला २.६७ ने गुणून जवळच्या शंभरात आणले की आजचे ५७,७०० येतात.

हातात पडणारी रक्कम मात्र मूळ वेतनापेक्षा बरीच मोठी असते. दिल्लीतल्या केंद्रीय विद्यापीठात नुकत्याच रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाचा जानेवारी २०२४ चा हिशेब पाहता येईल. महागाई भत्ता तेव्हा ५० टक्के होता, म्हणजे २८,८५० रुपये. घरभाडे भत्ता ३० टक्के दराने १७,३१०. प्रवास भत्ता ७,२०० आणि त्यावरचा महागाई भत्ता ३,६००. सगळे मिळून १,१४,६६० रुपये. यातून निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ८,६५५ रुपये कापले जातात, प्राप्तिकर वेगळा. विद्यापीठाच्या आवारात घर मिळाले तर घरभाडे भत्ता बंद होतो. महाराष्ट्रात महागाई भत्त्याची घोषणा राज्य सरकार स्वतंत्रपणे करते आणि ती बहुधा केंद्रामागून येते. शिवाय वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर जातो.

दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळते: ५७,७०० नंतर ५९,४००, मग ६१,२००. खरी झेप मात्र पदोन्नतीत असते. पीएच.डी. असलेला सहायक प्राध्यापक चार वर्षांनी वेतनाच्या दहाव्या स्तरातून अकराव्यात जातो, आणखी पाच वर्षांनी बाराव्यात आणि तिथून तीन वर्षांनी ‘१३-अ’ या सहयोगी प्राध्यापकाच्या स्तरात. सगळे वेळेवर झाले तर बाराव्या वर्षाच्या अखेरीस त्याचे मूळ वेतन ९२,५०० च्या आसपास असते. सहयोगी प्राध्यापक होताच ते १,३१,४०० वर जाते. एका पदोन्नतीत मूळ वेतनात जवळजवळ ३९,००० रुपयांचा फरक, आणि भत्ते त्या प्रमाणात. प्राध्यापकाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक टप्पा तो हाच. पीएच.डी. नसेल तर हे दार उघडत नाही. शिवाय पहिल्या बढतीलाच चारऐवजी सहा वर्षे लागतात.

पदोन्नतीसाठी सेवेच्या वर्षांबरोबर प्रशिक्षणवर्ग आणि प्रकाशित संशोधन मोजले जाते. पुरातत्त्वाची अडचण इथे सुरू होते. या विषयातले संशोधन जमिनीखाली असते आणि ते बाहेर येऊन छापले जायला वर्षे लागतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. त्याचा दोन भागांतला अहवाल १९८८ मध्ये निघाला. नर्मदाकाठच्या नवदाटोलीचे १९५७ ते १९५९ मधले काम १९७१ मध्ये ग्रंथरूप झाले. यात दिरंगाई शोधणे चुकीचे आहे. लाखो खापरांची प्रतवारी, हाडांची आणि धान्यकणांची ओळख, कोळशाच्या कालमापनाचे निकाल आणि शेकडो रेखाटने एकत्र येईपर्यंत अहवाल लिहिताच येत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मूल्यमापनाच्या चौकटीत असे काम बसत नाही, म्हणून तरुण प्राध्यापक एका उत्खननाचे तुकडे करून छोटे निबंध छापतो आणि मुख्य अहवाल मागे पडतो.

प्रत्यक्ष खणावरचे काम पगारपत्रकात दिसतही नाही. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असते आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४. उत्खननाच्या मोसमात हे तास पुसले जातात. पावसाळा सरून शेते मोकळी झाली की छावणी पडते. सकाळी उन्हे वर येण्याआधी पाच बाय पाच मीटरच्या खणात काम सुरू होते. कुदळ कुठे थांबवायची, ब्रश कुठे घ्यायचा, मातीचा रंग कुठे बदलला, हे विद्यार्थ्याला हात धरून दाखवावे लागते. फळ्यावर ते शिकवता येत नाही. खणाच्या उभ्या भिंतीवर थरांच्या रेषा आखल्या जातात आणि प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी टाचली जाते. दुपारी खापरे धुऊन सुकत घालायची, त्यांवर शाईने क्रमांक टाकायचे. रात्री पुरावस्तूंची नोंदवही भरायची आणि मजुरांचा हिशेब लिहायचा. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. अनुदानातून मजुरी, तंबू, छायाचित्रण आणि चाचण्यांचा खर्च भागतो. प्राध्यापकाला त्याचा नेहमीचा पगार आणि नियमानुसार प्रवासखर्च मिळतो. मानवशास्त्रातही हेच आहे: वाडीवस्तीवर राहून वंशावळी उतरवण्यात गेलेल्या आठवड्यांना वेगळा मोबदला नसतो. पक्की नोकरी असलेले बहुतेक जण हे आनंदाने करतात, कारण पगार चालू असतो.

ती पक्की नोकरी मिळणे हाच या विषयांतला खरा आर्थिक प्रश्न आहे. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे रुजू झाले आणि दोन्ही विषयांना महाराष्ट्रात घर मिळाले. पुढे नागपूर विद्यापीठात शां. भा. देव यांनी प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग नावारूपाला आणला. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पण इतिहास किंवा अर्थशास्त्र जसे तालुक्याच्या महाविद्यालयातही असते, तसे हे विषय नसतात. विभाग मोजके, म्हणून जागाही मोजक्याच. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि त्याची जागा वर्षानुवर्षे भरली नाही, तर ‘नेट’ ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका पिढीला अर्ज करायलाही ठिकाण उरत नाही.

मधली वर्षे पाठ्यवृत्तीवर किंवा तासिका तत्त्वावर निघतात. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. ही मुदत संपली की तासिका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मर्यादा सांगितली. आठवड्याला १६ व्याख्याने दिली तर महिन्याचे सुमारे ९६,००० व्हायला हवेत. ५०,००० ची मर्यादा चौतिसाव्या व्याख्यानालाच ओलांडली जाते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दर आणि तास दोन्ही कमी असतात, सुट्टीचे महिने कोरडे जातात आणि मानधन कित्येक महिने थकते. पंधरा दिवसांची छावणी किती तासिका धरायची, याचे उत्तर हिशेबाच्या रकान्यात सापडत नाही. तोच अभ्यासक्रम आणि त्याच उत्तरपत्रिका असूनही शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या निम्म्याहून कमी पैसे मिळणे हा उघड अन्याय आहे.

ही वर्षे पुढेही नडतात. आधीची कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायची असेल तर तेव्हाचा एकूण मोबदला नियमित पगारापेक्षा कमी नसावा, अशी अट आहे. तासिकेवरचा अध्यापक ती कधीच पुरी करू शकत नाही. त्यामुळे चाळिशीत पक्की जागा मिळालेला सहायक प्राध्यापक पंचविशीत रुजू झालेल्याप्रमाणेच ५७,७०० पासून सुरुवात करतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमलेल्या बहुतेकांना जुने निवृत्तिवेतन नाही. स्वतःचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के मिळून जो निधी साठतो, त्यावर अनेकांच्या उतारवयाची भिस्त. हा निधी वर्षांच्या संख्येने वाढतो आणि तासिकेवर गेलेल्या वर्षांत त्यात एक रुपयाही पडलेला नसतो.