काचपेटीतल्या प्रवाळाला कीड लागली तर?

मैत्रिणींनो, माशांची काचपेटी आपल्या कोल्हापुरात नवी नाही. पण हल्ली एखाद्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी दिसते आणि तिच्यात रंगीत बटणांसारखे उमललेले मऊ प्रवाळ, म्हणजे झोअँथिड. हौस मुलाची, पण तो कॉलेजात गेला की पेटीकडे बघायचं कुणी? आपणच!

एखाद्या दिवशी ही ‘बटणं’ मिटलेली दिसतात. लगेच घाबरू नका. आधी पाण्याचा खारटपणा मोजा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ही तूट फिल्टरच्या गोड्या पाण्यानेच भरायची. मीठ बरोबर असूनही बटणं दोन-तीन दिवस उघडली नाहीत, तर कीड शोधा.

रात्री दिवा मालवून तासाभराने बॅटरीच्या उजेडात पाहा. एक गोगलगाय बिनशंखाची, अगदी इवलीशी. ती खाल्लेल्या बटणांचाच रंग घेते, म्हणून समोर असून दिसत नाही! दुसरीच्या शंखावर तपकिरी-पांढऱ्या चौकटींची चक्री असते. हिला चिमट्याने उचलून टाकावे.

बिनशंखाचीसाठी पेटीतलेच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यावे. त्यात प्रवाळासाठी मिळणारे औषध बाटलीवरच्या प्रमाणात घालून, सांगितलेल्या वेळेपुरता खडा बुडवावा व हलकेच हलवावा. किडी गळून पडतात. पण अंडी? उवा मेल्या तरी लिखा राहतात ना, तसंच हे. बटणांच्या देठाशी पांढरट वेटोळी चिकटलेली असतात. त्यांना औषध पुरे पडत नाही. ती चिमट्याने खरवडा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा खडा पुन्हा बुडवा.

एक मात्र जपा. किडीवर आपला हुकमी उपाय उकळतं पाणी. इथे तो चुकूनही नको! काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. खडा उकळल्यावर त्या वाफेने घरची माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हातमोजे व चष्मा घाला. भांडं, ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

नवा खडा आणला की महिनाभर वेगळ्या छोट्या पेटीत ठेवा. निम्मी कीड दारातच अडते. आणि सुट्टीत मालवणला गेलात, तर प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नका हं! तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते समुद्रातच शोभतात.