फौजदारीपात्र अतिक्रमण व घरफोडी : उद्देश आणि जाणीव

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून २००५ मध्ये सरफोजीराजांच्या संग्रहातील १७१५ चा छापील तमिळ नवा करार नाहीसा झाला. तो लंडनमधील एका संग्रहात सापडल्याचे तमिळनाडू पोलिसांनी २०२२ मध्ये जाहीर केले. तो कोणी नेला हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. अशा ग्रंथालयात शिरलेल्या माणसावर कोणता आरोप ठेवता येईल, एवढेच पाहू.

१. मूळ व्याख्या
भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम ३२९ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत अपराध करण्याच्या किंवा ताबेदाराला धाक दाखवण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश करणे म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण. रीतसर आत येऊन नंतर अशाच उद्देशाने बेकायदा थांबणे हेही त्यातच मोडते. जागा राहण्याची, उपासनेची किंवा मालमत्ता ठेवण्याची इमारत असेल, तर ते गृह-अतिक्रमण. कुलूप उघडणे, भिंतीला भोक पाडणे अशा ठरावीक मार्गांनी ते केले, तर घरफोडी (कलम ३३०).

या तीन पायऱ्या एकमेकींवर उभ्या आहेत. उद्देश सिद्ध झाला नाही, तर घरफोडीचा आरोपही टिकत नाही.

२. उद्देश की जाणीव?
समजा, पावसात अडकलेला पर्यटक बंद दालनात शिरला. रखवालदार चिडेल हे त्याला ठाऊक आहे. पण त्याला हवा आहे आडोसा. ‘माथरी विरुद्ध पंजाब राज्य’ (ए.आय.आर. १९६४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्रास देणे हाच प्रवेशाचा हेतू हवा, त्रास होईल ही नुसती जाणीव पुरेशी नाही. मात्र जाणीव निरुपयोगी ठरत नाही. प्रवेशामागे मुख्य हेतू कोणता होता हे ठरवताना इतर परिस्थितीसोबत तीही विचारात घेतली जाते.

३. उद्देश केव्हाचा?
चोरीच्या इराद्यानेच आलेल्याला तिकीट काढल्याने संरक्षण मिळत नाही. आत आल्यावर मोह झाला असेल, तर चोरीचा अपराध होतो. अतिक्रमणासाठी मात्र तो बेकायदा थांबल्याचेही दाखवावे लागते.

४. शिक्षा
चोरीच्या उद्देशाने दिवसा घरफोडी केल्यास दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास (कलम ३३१). प्रत्यक्ष चोरी झालीच पाहिजे, असे नाही.

स्वाध्याय : रात्री ग्रंथालयाचे कुलूप तोडताना एकजण पकडला गेला. त्याच्याकडे रिकामी पिशवी आणि हस्तलिखितांची यादी आहे. उद्देश सिद्ध करण्यासाठी तुम्ही कशाचा आधार घ्याल?