सॅल्मनच्या पिंजऱ्याला नळी कशाला?

नॉर्वेतील हिट्रा बेटाजवळ १९७० साली ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रातील जाळ्यांच्या पिंजऱ्यांत सॅल्मन मासे यशस्वीपणे वाढविले. पुढे हा धंदा फोफावला, तशा माशांचे रक्त व त्वचा खाणाऱ्या समुद्री उवाही वाढल्या. पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या या उवा, नदीतून समुद्राकडे निघालेल्या वन्य सॅल्मनच्या कोवळ्या पिलांचा जीवही घेऊ शकतात.

उवांचे डिंभ बहुधा पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात. मग मासे खोलवरच कोंडले तर? पण सॅल्मनला वाताशय भरण्यासाठी अधूनमधून वर येऊन हवा गिळावी लागते. म्हणून पिंजऱ्यावर जाळ्याचे छत घालून मधोमध पृष्ठभागापर्यंत ताडपत्रीची रुंद नळी बसविण्याची युक्ती निघाली. मासा नळीतून वर येतो, हवा गिळून परत जातो; उवा बव्हंशी बाहेरच राहतात. साहजिकच उवा मारण्याची औषधेही कमी लागतात.