चंद्रावर गेलेली शिवण

अवकाशविज्ञानाचे वेड आणि जुन्या फॅशनची हौस अशा दोन्ही गोष्टी असलेल्या मुली आजही १९६० च्या दशकातला पांढरा आखूड झगा आणि त्यावर पांढरे बूट घालून मिरवतात. हा थाट पॅरिसच्या आंद्रे कुरेज यांनी १९६४ साली आणला. माणूस चंद्रावर पोहोचायचा होता, कपडे आधीच पोहोचले!

खरा चंद्रपोशाख मात्र अमेरिकेतील डेलावेअर राज्यात तयार झाला, तोही ‘प्लेटेक्स’ नावाने बायकांची अंतर्वस्त्रे बनविणाऱ्या कंपनीत. तो शिवला तिथल्याच कामगार भगिनींनी, शिलाई मशीनवर. थर एकवीस! आत एखादी टाचणी राहिली तर अंतराळवीराच्या जिवावरच बेतायचे, म्हणून शिवलेल्या पोशाखाचा एक्स-रे काढीत. आमच्या घरोघरी मशीन चालविणाऱ्या आयाबहिणींना या कामातली जोखीम वेगळी सांगायला नको. कुरेज यांचे नाव फॅशनच्या पुस्तकांत आले. या बायकांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? आम्हाला विचाराल तर अवकाशफॅशनच्या खऱ्या कर्त्या त्याच. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन चंद्रावर अडीच तास हिंडले, ते त्यांच्याच टाक्यांच्या भरवशावर.