सही वर, काम खाली. जाब कुणाला विचारायचा?

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा विद्यापीठात कामासाठी निघाला की घरातून त्याला भाड्याचे पैसे मोजून दिले जातात. काम म्हटले तर लहानसेच असते. गुणपत्रिकेवर नाव चुकलेले असते, मायग्रेशन सर्टिफिकेट अडकलेले असते, नाहीतर परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट हवे असते. तो खिडकीवर उभा राहतो, अर्ज आत देतो आणि "साहेब मीटिंगला गेलेत, परवा या" एवढे ऐकून परत फिरतो. परवा पुन्हा भाडे. हे साहेब कोण, त्यांच्यावाचून हे काम खरोखरच अडते का, आणि अडत असेल तर तसे कुणी ठरवले, हा प्रश्न वाचकहो, आपण सहसा विचारत नाही. खिडकीतल्या माणसाला चार शब्द सुनावून आपण मोकळे होतो.

आम्ही कारकुनी करून पोट भरतो आणि रजेच्या दिवशी मुलांचे अर्ज घेऊन दुसऱ्यांच्या खिडक्यांवर उभे राहतो. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. आतला माणूस कधी कधी मुजोर असतो, नाही असे नाही. पण पुष्कळदा त्याच्यापाशी काम असते, सही नसते. सही वरच्या मजल्यावर असते. आणि काम रखडले की शिव्या मात्र खालच्या मजल्यावर येतात.

आम्ही बी.कॉम.ला असताना व्यवस्थापनाच्या पुस्तकात एक नियम होता. हाताखालच्या माणसाला काम देता येते, ते करण्याचा अधिकारही देता येतो, पण शेवटचा जाब देण्याची जबाबदारी देता येत नाही. ती देणाऱ्याच्याच गळ्यात राहते. परीक्षेत यावर टीप लिहून आम्ही मार्क मिळवले. सरकारी मराठीत याला 'अधिकारांचे प्रत्यायोजन' असा जीभ अडखळवणारा शब्द आहे. आपण साधे 'अधिकार सोपवणे' म्हणू या.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रातील विद्यापीठांचा कारभार आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता. राज्यपाल हे कुलपती. त्यांच्याखाली कुलगुरू, मग प्र-कुलगुरू, अधिष्ठाते, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, उपपरिसराचे संचालक अशी अधिकाऱ्यांची उतरंड आहे. पण ही माणसे झाली. त्यांच्या बरोबरीने कायद्याने मंडळेही नेमली आहेत. अधिसभा म्हणजे आपण ज्याला सिनेट म्हणतो ती, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ आणि इतर काही.

म्हणजे कायद्याच्या मनात एकच राजा नाही. पैशाचा निर्णय एका मंडळाने घ्यावा, अभ्यासाचा दुसऱ्याने, परीक्षेचा तिसऱ्याने, अशी ही वाटणी आहे. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना स्वतः पाऊल उचलता येते, मात्र नंतर त्यांनी त्या मंडळापुढे जाऊन काय केले ते सांगायचे असते. हे 'नंतर जाऊन सांगणे' आम्हाला फार मोलाचे वाटते. अधिकार वापरणाऱ्याने ज्याचा अधिकार वापरला त्याच्यापुढे उभे राहायचे, ही कारभारातली सभ्यता आहे.

कायद्याचे आणखी एक जुने सूत्र आहे. ज्याला अधिकार दुसऱ्याने सोपवला आहे, त्याने तो परस्पर तिसऱ्याला सोपवू नये. कायद्यानेच तशी मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की अधिकार सोपवायचा तर लेखी सोपवावा. कुणाला, कोणत्या कामासाठी, किती रकमेपर्यंत, केव्हापर्यंत, हे कागदावर असावे. तोंडी सोपवलेला अधिकार चांगल्या दिवशी साहेबांचा असतो आणि चौकशीच्या दिवशी कारकुनाचा होतो.

पासवर्ड कुणाचा आणि बोटे कुणाची?

पूर्वी निदान शाईची सही होती. आता संगणक आला. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे, महाविद्यालयाने आपल्या लॉगिनमधून तपासून ते पुढे पाठवायचे, अशी पद्धत आहे. लॉगिन नावाला प्राचार्यांचे. प्रत्यक्षात पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये असतो, आणि डिजिटल सहीचा डोंगलही तिथेच, स्टेपलरशेजारी. आम्ही हे एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी पाहिले. कुठल्याही लेखी आदेशावाचून प्राचार्यांची सही असा एक माणूस करतो आहे, ज्याला ती करण्याचा अधिकार नाही. तो भला असेल तर दिवसाला शंभर अर्ज पुढे जातात. तो रजेवर गेला, किंवा त्याच्या मनात एखाद्या आडनावाविषयी अढी असली, तर अर्ज तिथेच पडून राहतात आणि प्राचार्य म्हणतात, "मला तर कुणी काही बोललेच नाही." याला अधिकार सोपवणे म्हणत नाहीत. काम ढकलून दिले, एवढेच त्यात झाले.

आमचे म्हणणे असे, की त्या कारकुनाला उघडपणे अधिकार द्या. अर्ज तपासून इतक्या दिवसांत पुढे पाठवण्याची जबाबदारी अमुक पदाची, असा आदेश काढून फलकावर लावा, आणि किती अर्ज पडून आहेत हे दर आठवड्याला प्राचार्यांनी स्वतः पाहावे. मग कारकुनालाही मान राहील आणि मुलालाही उत्तर मिळेल. पैसेवाल्या घरातल्या मुलाचे या गोंधळात फारसे बिघडत नाही. त्याचे फोन लावणारे असतात. आपल्या मुलाकडे फोन लावणारा काका नसतो. त्याला फलकावर लिहिलेला नियमच काका.

पाटी मिळाली, शिक्का नाही

मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे. सावंतवाडीच्या मुलीने मुंबई गाठायची म्हणजे एक रात्र गाडीत गेली. म्हणून रत्नागिरीला उपपरिसर झाला. मराठवाड्यातही धाराशिवला तसा उपपरिसर आहे. ही चांगली गोष्ट आहे, आणि २०१६ च्या कायद्यात उपपरिसराचा संचालक हा विद्यापीठाचा अधिकारीच मानला आहे. पण उपपरिसर उघडणे म्हणजे इमारत आणि पाटी नव्हे. कोणती प्रमाणपत्रे तिथल्या तिथे सही होऊन मिळतील, हे लिहून दिल्याशिवाय तो पोस्टाची पेटीच ठरतो. अर्ज तिथे टाकायचा, निर्णय मुख्यालयात व्हायचा. आपल्या जवळच्या उपपरिसरात जाऊन वाचकांनी एवढेच विचारावे की इथे कोणत्या कागदावर सही होते. उत्तरावरून सारे कळेल.

सगळे निर्णय एका टेबलावर आले की काय होते, ते २०१७ साली मुंबईने पाहिले. त्या उन्हाळ्यातील परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पहिल्यांदाच संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. तयारी अपुरी होती. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली, निकाल महिनोन्महिने रेंगाळले, आणि पुढच्या प्रवेशांची वाट पाहणारी मुले ताटकळत राहिली. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. निदान तिथे जाब सर्वांत वरच्या माणसापर्यंत पोचला, हे नोंदवायला हवे. पण तो पोचला तेव्हा मुलांचे नुकसान होऊन गेले होते. त्या वेळी नवा कायदा लागू होऊन जेमतेम काही महिने झाले होते आणि अधिसभेवर पदवीधरांचे नवे प्रतिनिधी यायचे होते. त्यांची निवडणूक मार्च २०१८ मध्ये झाली. वेळेवर प्रश्न विचारणारेच सभागृहात नव्हते. पुढचीही निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली.

ठराव एकाचा, अंमल कुणाचा?

अंमलाची जबाबदारी कुणावर टाकलीच नाही तर ठरावाचे काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्तार करून. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारखी माणसे गेली. याची कारणे जातीत होती, हे आम्ही विसरत नाही. पण जातीला लपायला जागा मिळाली ती कारभारात. ठराव होता, तो कोणत्या तारखेपर्यंत कुणी अंमलात आणायचा हे मात्र कुणाच्याच नावावर नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत होता.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात मुंबई विद्यापीठाच्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा मागासलेल्या वर्गांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. मुलाला वर्गात बसू देणे पुरेसे नाही. विद्यापीठाचे निर्णय जिथे होतात त्या खोलीत त्याचा माणूस बसला पाहिजे.

आज त्या खोलीचे दार थोडे उघडे आहे. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर १० प्रतिनिधी निवडून देतात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांची प्रत्येकी एक जागा राखीव आहे. मात्र पदवी मिळाली म्हणून मतदार यादीत नाव आपोआप जात नाही. नोंदणी करावी लागते. आपल्या घरोघरी पदवीधर आहेत, भिंतीवर पदवीदानाचा फोटो आहे, आणि यादीत नाव नाही.

दुसरी किल्ली माहितीच्या अधिकाराची. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपल्या अधिकाऱ्यांचे व कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये, तसेच निर्णय कोणत्या पायऱ्यांनी होतो व देखरेख कुणाची, हे स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. ते सापडले नाही तर दहा रुपये भरून अर्ज करावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. अर्जात रागाचे वाक्य एकही नको. 'गुणपत्रिकेतील नाव दुरुस्तीचा निर्णय कोणत्या पदाकडे आहे, तो अधिकार ज्या आदेशाने सोपवला त्याची प्रत द्यावी आणि त्यासाठी ठरवलेली मुदत कळवावी', एवढे तीन मुद्दे पुरे. आदेशाची प्रत मिळाली तर जाब कुणाला विचारायचा ते कळते. असा आदेशच नाही असे उत्तर आले, तर ते उत्तर अधिसभेतल्या आपल्या प्रतिनिधीच्या हाती द्यावे.

आमच्या मंडळाने वस्तीतल्या पदवीधरांची पदवी प्रमाणपत्रे, ओळखपत्रे आणि फोटो यांच्या प्रती एका फाईलीत लावायला घेतल्या आहेत. नोंदणीची जाहिरात आली की मुदत फार थोडी असते, आणि ऐनवेळी निम्म्यांची प्रमाणपत्रे गावाकडच्या पेटीत निघतात. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे बदललेली असतात, त्यांचे कागद आधी जुळवावे लागतात. ती फाईल रविवारी बुद्धविहारात उघडी असते.