हवामान संशोधनाचा निधी : दाता आणि लाभार्थी एकाच छताखाली

राजधानीतील लोधी मार्गावर मौसम भवन आणि पृथ्वी भवन या दोन वास्तू आहेत. पहिलीतून देशाच्या पावसाचा अंदाज जाहीर होतो; दुसरीतून तो अंदाज सुधारण्यासाठी लागणाऱ्या संशोधनाच्या पैशाची वाट ठरते. २००६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय अस्तित्वात आले आणि हवामान खाते, पुण्याची उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था व नोएडाचे मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र एकाच मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले. समन्वयाच्या दृष्टीने ते इष्टच होते. तथापि, त्यातून एक पेचही निर्माण झाला. वातावरणविज्ञानातील संशोधनासाठी निधी वाटणारे मंत्रालय आणि त्या निधीचे प्रमुख लाभार्थी एकाच घरातले झाले.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येणार नाही. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये वेळेवर मिळालेला इशारा आणि लाखोंचे स्थलांतर यांमुळे बळींची संख्या काही डझनांवर राहिली. २०१२ च्या मान्सून मिशनने संख्याशास्त्रीय ठोकताळ्यांकडून गतिकीय प्रारूपांकडे जाण्याला वेग दिला. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर केले. त्याची अंमलबजावणी मुख्यतः वरील तीन संस्थांकडेच सोपवण्यात आली. रडार, उपग्रह, महासंगणक अशा ठरलेल्या कामांसाठी खात्याच्या हाती एकवटलेला पैसा उपयोगी पडतो.

पण विज्ञानात प्रश्नच अज्ञात असतो, तेव्हा काय? २००२ मध्ये हवामान खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे प्रारूप त्यानंतर बाजूला ठेवावे लागले. २००९ मध्येही एप्रिलमधील ९६ टक्क्यांचा अंदाज ७८ टक्क्यांवर कोसळला. या काळात मूलभूत शंका उपस्थित करणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. सुलोचना गाडगीळ अग्रभागी होत्या. केवळ 'एल निनो'कडे बोट दाखवून दुष्काळाचा उलगडा होत नाही, विषुववृत्तीय हिंदी महासागरातील घडामोडीही पाहाव्या लागतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले. २०२५ मध्ये निधन पावलेल्या या विदुषीचे हे काम खात्याच्या चौकटीबाहेर झाले, हे लक्षणीय आहे. प्रचलित प्रारूपाच्या मुळाशी दोष आहे असे सांगणाऱ्याला, ते प्रारूप चालवणाऱ्यांच्याच मंत्रालयाने पैसा द्यावा, ही अपेक्षा कोणत्याही नोकरशाहीकडून जास्तच ठरते.

मंत्रालय विद्यापीठांना अनुदान देत नाही असे नाही. मात्र तेथेही विषय आणि प्राधान्य तेच ठरवते. दुसरे दार म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. २००८ च्या कायद्याने आलेल्या मंडळाची जागा त्याने २०२४ मध्ये घेतली. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. २०२३ ते २०२८ या काळातील ५०,००० कोटींपैकी सुमारे ३६,००० कोटी रुपये सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून येतील असे गृहीत धरलेले आहे. औषधे किंवा अर्धवाहक यांना उद्योगपती आश्रयदाते मिळतील. पण बंगालच्या उपसागरावरील ढगांचा अभ्यास हे सार्वजनिक हिताचे काम आहे आणि त्याला धनको सहसा सरकारच असते.

दिनदर्शिकेची अडचण याहून व्यावहारिक आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मान्सून जूनमध्ये केरळात पोहोचतो. अनुदानाचा हप्ता पावसाळ्यानंतर हाती आला, तर निरीक्षणाचे वर्षच वाया जाते. ढग पुढल्या जूनपर्यंत थांबत नाहीत. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी निविदेविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर नेली. हे स्वागतार्ह असले तरी हप्त्याच्या विलंबावर ते औषध नव्हे.

सुधारणेसाठी नवा कायदा लागणार नाही. मंत्रालयाच्या निधीतील ठरावीक हिस्सा खुल्या स्पर्धेसाठी राखून ठेवावा आणि त्याची निवड त्या निधीचा लाभ न घेणाऱ्या तज्ज्ञांकडे सोपवावी. नाकारलेल्या प्रस्तावाची कारणे लेखी द्यावीत. निर्णय हिवाळ्यातच व्हावा आणि पहिला हप्ता मेपूर्वी पोहोचावा. तिसरी गरज त्रयस्थ मूल्यमापनाची. मान्सून मिशन आणि महासंगणकांवरील गुंतवणुकीच्या प्रत्येक रुपयामागे पन्नास रुपयांचा लाभ होतो, असा निष्कर्ष २०२० मध्ये 'एनसीएईआर' या संस्थेने काढला. आकडा उत्साहवर्धक आहे, पण तो अभ्यास मंत्रालयानेच करवून घेतला होता.

अर्थात, आपल्याच हातातील थैलीचा एक कोपरा दुसऱ्याकडे देणे कोणत्याही मंत्रालयाला रुचत नाही. संसदेत दुष्काळावर चर्चा होते ती मदतीच्या पॅकेजपुरती. दुष्काळाचा अंदाज का चुकला, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी जूनमधील पहिल्या सरीवर बियाणे मातीत टाकतो, तेव्हा त्याने या देशाच्या अंदाजावर आपला वर्षाचा पैसा लावलेला असतो. तो अंदाज तपासण्याची मुभा आणि साधने खात्याबाहेरच्या संशोधकालाही मिळावीत, एवढीच या सुधारणेची मागणी आहे.