टिंब कुठे गेलं?

पहाटे ५:४५. न्यू जर्सीतलं एडिसन. बाहेर अंधार, स्वयंपाकघरातही अंधार. काका दिवा लावत नाहीत. एकीकडे चहा उकळतोय, दुसरीकडे कालचं टपाल टेबलावर पसरलंय. आठ पाकिटं. ते एकेक बोटांनी चाचपतात. खिडकीचं पाकीट म्हणजे बिल. जाड, गुळगुळीत कागद म्हणजे जाहिरात. ती सरळ टोपलीत.

मी मावशी-काकांकडे आठवडाभर राहायला आलोय. आजचा दिवस काकांच्या मागे मागे काढायचा ठरवलंय. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारानं आधी त्यांची रात्रीची नजर नेली, मग पंचेचाळिशीपर्यंत दिवसाचीही. आता काका इतर अंध माणसांना स्कॅनर आणि वाचणारं सॉफ्टवेअर निवडायला, वापरायला शिकवतात. तासाला ३२ डॉलर.

६:१०. टेबलावर चपटा स्कॅनर आहे. शंभर डॉलरच्या आतला, यूएसबीच्या वायरीवरच चालणारा. काका मऊ फडक्यानं काच पुसतात. रोज पुसतात. डाग तुम्हाआम्हाला दिसतो, त्यांना तो ऐकू येतो: ओळीच्या मधोमध भलतीच अक्षरं. काचेच्या कोपऱ्याला पुठ्ठ्याची काटकोनी पट्टी चिकटवलीय. तिला टेकवला की कागद सरळ बसतो. कागदाचं डोकं खाली गेलं असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच फिरवून घेतं. कोरी बाजू लागली तर काहीच बोलत नाही, मग पालटायचा. झाकण, एक कळ, घरघर. ३०० डीपीआय, बारीक टाईप असेल तर ४००. त्यापुढे नुसता वेळ जातो.

संगणक बोलायला लागतो. इतका भरभर की मला शब्दही सुटा होत नाही. विजेचं बिल: ११८ डॉलर ४० सेंट. काका त्या ओळीवर परत जातात आणि आता एकेक अक्षर ऐकतात. एक, एक, आठ, पॉइंट, चार, शून्य.

"पैशाचा आणि औषधाचा आकडा असाच ऐकायचा," ते म्हणतात. चहा गाळतात.

८:२०. टॅक्सी, १६ डॉलर. बसनं दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि मध्ये फुटपाथ नसलेला रस्ता आहे. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासाची कमाई टॅक्सीलाच. बॅग मी उचलून पाहिली. लॅपटॉप, स्कॅनर, फोनचा स्टँड, कळांवर चिकटवायचे फुगीर ठिपके. सहा किलो तरी असेल.

९:००. निवृत्त शिक्षिका, वय ७१. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं थोडं दिसतं. दुकानात त्यांना सांगितलंय की अमुक सॉफ्टवेअर ९९ टक्के अचूक वाचतं.

"एका पानावर अंदाजे दोन हजार अक्षरं," काका म्हणतात. "एक टक्का म्हणजे वीस चुका. त्या कुठे आहेत ते यंत्र सांगत नाही. तुम्ही तुमचे कागद आणा. दुकानातला नमुन्याचा कागद सगळीच यंत्रं वाचतात."

बाई तीन गोष्टी आणतात. बँकेचं पत्र, जाडजूड कादंबरी, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद.

पत्र चपट्या स्कॅनरवर स्वच्छ निघतं. कादंबरी अडते. पानं शिवणीकडे काचेपासून उचललेली राहतात आणि अशा स्वस्त, पातळ स्कॅनरला काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं. प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द गायब. काका दोन्ही तळव्यांनी पुस्तक दाबून धरतात. कणा कुरकुरतो. पुस्तकांसाठी वेगळा स्कॅनर मिळतो, काच थेट कडेपर्यंत गेलेली, दुसरं पान खाली लोंबतं. पण तो कितीतरी महाग. मग फोन स्टँडवर लावतात. फोन झटपट वाचतो, पण दिव्याची तिरीप पानावर पडली की तेवढा भाग पांढरा.

१०:१०. औषधाचा कागद. इतका पातळ की मागची छपाई पुढे उमटते. काका बॅगेतून काळा जाड कागद काढून त्याच्या पाठीला लावतात. मागची अक्षरं बुडतात. आता ऐका. मात्रा: पंचवीस मिलिग्रॅम.

मी कागद डोळ्यांजवळ नेतो. २.५ आहे.

मी सांगितल्यावर खोलीत कुणी बोलत नाही. काका पुन्हा स्कॅन करतात, ४०० वर. टू पॉइंट फाइव्ह. "मीही हेच करतो," ते बाईंना म्हणतात, "पण औषध यावर विसंबून घेत नाही. फार्मसीला फोन करायचा, बोलणारी चिठ्ठी मिळते का विचारायचं." बाई मान हलवतात. मग काकांना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन "हो" म्हणतात.

११:००. हिशेब. चपटा स्कॅनर, शंभरच्या आत. पडद्यावरचं वाचून दाखवायला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, फुकट. तसाच दुसरा, जॉज, घरगुती वापराला वर्षाला शंभरेक डॉलर. बाईंना सध्या त्याची गरज नाही. स्कॅनरसोबत येणारं सॉफ्टवेअर काका बाजूलाच ठेवतात, कारण त्यातली बटणं पुष्कळदा स्क्रीन रीडरला सापडतच नाहीत. त्याजागी नॅप्स२, तेही फुकट, सगळं कळफलकावरून चालणारं. कादंबरीसाठी मात्र काही घ्यायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या संस्थेनं २००२ पासून चालवलेल्या बुकशेअरवर आधी शोधायचं. कॉपीराइट कायद्यातल्या १९९६ च्या दुरुस्तीमुळे अशा वाचकांसाठी पुस्तक उतरवून द्यायला परवानगी आहे. तुमचं पुस्तक कुणीतरी आधीच काचेवर ठेवलेलं असू शकतं.

१२:४५. बाकावर पोळी-भाजी. काका सांगतात: १३ जानेवारी १९७६ ला रे कुर्झवाइल यांनी अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघासोबत वाचणारं यंत्र जगापुढे आणलं. किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात. पहिलं यंत्र गायक स्टीव्ही वंडर यांनी घेतलं. २०१४ ला तेच काम करणारं केएनएफबी रीडर आयफोनवर ९९ डॉलरला आलं, २०१७ ला सीइंग एआय फुकट. "टिंब मात्र अजून सुटतं," काका म्हणतात आणि डबा बंद करतात.

५:३०. दुपारी एका तरुणाला शिकवलं, तो लवकर तयार झाला. दिवसभरात चार तासांचे १२८. टॅक्सी १६, ११ आणि १८. हातात ८३ डॉलर. जाण्यायेण्याच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत.

रात्री ८:३०. काचेवर जुना दिवाळी अंक. मराठीसाठी काका टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं (ओसीआर) सॉफ्टवेअर वापरतात. एचपी कंपनीत १९८५ ला सुरू झालेलं हे काम २००५ ला सर्वांसाठी खुलं झालं. शिरोरेषेनं अक्षरं एकमेकांना बांधलेली, त्यात छपाई पुसट. 'घर'चं 'धर' होतं, 'भाऊ'चं 'माऊ'. आवाज अडखळला की मावशी विणकाम थांबवून पानावर वाकते आणि सांगते, "अहो, घर. घर आहे ते."

९:१५. फोन वाजतो. साताऱ्याहून पुतणीच्या लग्नाची पत्रिका आलीय. फोन म्हणतो, "इमेज." तेवढंच. काका ती ओसीआरमध्ये घालतात. वेलबुट्टीचं वळणदार अक्षर, सोनेरीवर लाल. गणपतीपाशी गोंधळ, नावं अर्धवट, मुहूर्ताच्या जागी नुसता 'वा.' येतो. शेवटी मावशी वाचून दाखवते: सकाळी ११ वाजून ४३ मिनिटं.

पत्रिका पाठवाल तेव्हा चित्राखाली नावं, तारीख, वेळ आणि ठिकाण टाईप करून पाठवा. चार ओळी पुरतात.